वापराची मर्यादा

२ एप्रिल
(ही लिहिल्याची तारीख. पेटीत टाकल्याची वेगळी असेल. तूच शिकवलंस.)

मावशी,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच. पत्ता आईच्या कपाटातल्या तुझ्या पाकिटावरून घेतला. तुझा फोन नंबर आईकडे आहे हे मला माहीत आहे, पण मागितला की ती म्हणते, "तुला द्यायचा नाही असं बजावलंय तिने. तुमचं दोघींचं काय बिनसलंय ते तुम्ही निस्तरा." आणि गॅस बारीक करायला आत जाते. गॅस बंदच असतो.

तर काम असं. ऑफिसात साफसफाई निघाली आहे. खोल्यांची नव्हे, नकाशांची. सर्व्हरवर तीनशे बारा लेयर पडून आहेत. रस्ते, ओढे, विहिरी, विजेचे खांब, आणि कोणी कशासाठी केले ते देव जाणे असे सत्तरेक. नवा नियम आला आहे की ज्या लेयरला धड मेटाडेटा नाही तो बाद. कोणी मोजलं, कधी, कशाने, किती चुकू शकतं, हे पत्रकात लिहिलेलं नसेल तर त्या नकाशाच्या भरवशावर यापुढे कोणी काही बांधणार नाही. उशिरा का होईना, अक्कल आली.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी एका जागी बसत नाही आणि साहेबांना मला एकदाचं बसवायचं होतं. सोबतीला टिंबकाका. आठवतात ना? कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नाही म्हणून प्रत्येक सक्तीच्या रकान्यात एक टिंब टाकून पुढे सरकणारे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, सवय तशीच आहे. परवा त्यांच्या विहिरींचं पत्रक उघडलं. मोजणारा: टिंब. पद्धत: टिंब. अचूकता: टिंब. मी म्हटलं, "काका, हे काय?" तर म्हणतात, "बाई, नकाशावर विहीर टिंबानेच दाखवतात." सगळं ऑफिस हसलं. मीही हसले.

मग तुझी पत्रकं उघडली. एकोणीस. सगळी वाचली, मध्ये तीनदा उठून व्हरांड्यात फेऱ्या मारून आले. 'वापराची मर्यादा' हा रकाना बाकीचे सगळे 'काही नाही' असं लिहून मोकळे होतात. तुझ्या डोंगरवाटांच्या पत्रकात काय आहे ते तुला आठवतंय का? "या वाटा मी कोरड्या दिवसांत चालले. पाऊस पडून गेल्यावर ओढ्यापलीकडच्या भागावर विश्वास ठेवू नये. मी तिथे दोनदा पडले." ऑफिसच्या पत्रकात कोणी स्वतः पडल्याचं लिहितं का गं?

आता मुद्दा. तुझे एकोणीसही लेयर साहेबांनी बाद यादीत टाकले आहेत. कारणाच्या रकान्यात एकच ओळ आहे: "मोजणाऱ्याचं काम वादग्रस्त." त्यात 'गिरणीमागचा उतार' आहे. तू उतारावरच्या सात भेगा मोजल्या होत्यास तो. त्या उताराच्या पायथ्याला आता शाळा होणार आहे. २१ तारखेला पाया खणायला घेतील, म्हणजे उताराचा खालचा भाग कापतील. त्यांच्यापुढे उपग्रहाच्या फोटोवरून केलेला नवा नकाशा आहे. त्यात गवत दिसतं, गवताखालच्या भेगा दिसत नाहीत.

तुझ्या मोजणीच्या वह्या तुझ्याकडे असतील तर पाठव. वह्या दाखवल्या तर साहेब कदाचित ऐकतील. बाकी काही नको. मागचं काही उकरून काढायचं नाही. आई बरी आहे.

तुझी भिंगरी


९ एप्रिल

मावशी,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी जिन्यातल्या पेटीत सकाळ-संध्याकाळ हात घालते. काल शेजारच्यांचं विजेचं बिल फोडून बसले आणि वर जाऊन माफी मागावी लागली.

वह्या नाहीत तर नाहीत, म्हणून रविवारी तुझं पत्रक छापून घेतलं आणि उतारावर गेले. टेप, टोपी, पाण्याची बाटली. आईला सांगितलं की मैत्रिणीकडे चालले आहे. बाजारातल्या सरळ रस्त्याने न जाता मागून वळसा घेतला. बाजारात हल्ली फार गर्दी असते.

तुझं पत्रक हातात धरून टाकीपाशी उभी राहिले. "पहिली खुंटी: पडक्या पाण्याच्या टाकीच्या गिरणीकडील कोपऱ्यापासून, धुराड्याकडे पाठ करून सरळ वर ४१ पावलं. पावलं माझी आहेत. माझं एक पाऊल ६८ सेंटिमीटर." आदल्या दिवशी मी घरात भिंतीला खडूने खुणा करून माझं पाऊल मोजलं होतं. एकसष्ट. तुझी एक्केचाळीस म्हणजे माझी शेहेचाळीस, किंचित कमी. मोजत चढले. शेहेचाळिसाव्या पावलाला वाकून गवत बाजूला केलं तर लाल रंगाचं लोखंडी डोकं. रंग उडाला होता, पण लाल होता.

मला रडू आलं, मावशी. पहिल्या दिवशी तू मला सांगितलं होतंस, "वाचणारा तुला जन्मात भेटणार नाही असं धरून लिही. 'जवळच' लिहू नकोस. 'जवळच' म्हणजे किती, ते फक्त तुला कळतं." मला वाटायचं, ही मावशी उगीच छळते. ऑफिसात सगळे पाट्या टाकतात आणि मलाच पावलं मोजायला लावते.

पत्रकात आहे की प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी, आणि दोन खुंट्यांत बरोबर पन्नास सेंटिमीटर अंतर ठेवून तू त्या ठोकल्यास. मी मोजलं. पहिल्या जोडीत त्रेसष्ट. दुसरीत अठ्ठावन्न. तिसरीत एकाहत्तर. तिसरी तीनदा मोजली. सहा जोड्या सापडल्या, सातवी काही केल्या मिळेना. पाणी संपलं, तेव्हा उतरले.

सोमवारी साहेब यायच्या आधीच त्यांच्या दारात उभी होते. कागद पुढे ठेवला. ते वाईट नाहीत गं, तुला माहीत आहे. गिरणीच्या गोदामात पत्र्याखाली ती पोरं बसतात, त्यांच्यासाठी नऊ वर्षं शाळेची फाइल घेऊन हा माणूस दारोदार फिरला आहे. त्यांनी आकडे नीट वाचले. मग चष्मा काढला.

"आजचे त्रेसष्ट मला मान्य आहेत. तेव्हाचे पन्नास कशावरून?"

"पत्रकात लिहिलंय, साहेब."

"पत्रकात तिने नदीकाठच्या वाटांबद्दलही लिहिलं होतं. प्रत्यक्ष चालून पाहिल्या म्हणून. पुढे काय झालं ते तू होतीस की इथे. त्या बाईने खुंट्या त्रेसष्टवर ठोकून पन्नास लिहिले नसतील कशावरून?"

मी तोंड उघडलं होतं. पण साहेबांचा फोन वाजला आणि मी कागद उचलून बाहेर आले.

तर प्रश्न आता तुझ्या खुंट्यांचा नाही. खुंट्या जिथल्या तिथे आहेत. प्रश्न असा आहे की तेव्हाचा आकडा खरा मानायचा तर तो लिहिणारी खरी मानायला हवी. उतार किती सरकला हे सांगायला दोन आकडे लागतात. एक मी आणला, दुसरा तुझा आहे, आणि तुझ्यावर कोणाचा विश्वास नाही.

का नाही, ते तुला माहीत आहे. मलाही.

भिंगरी


१३ एप्रिल, रविवार

मावशी,

हे पत्र कामाचं नाही. नको वाटलं तर इथेच थांब.

बाजारात गर्दी नसते. म्हणजे असते, पण माझ्या वळशाचं कारण ते नाही. कोपऱ्यावरचा शिंपी आपल्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो, म्हणून मी तिकडून जात नाही. शाळेत असताना माझे सगळे गणवेश त्याने शिवले. आता त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो आणि मशीन त्याची बायको चालवते. त्याला झटका आला त्या दिवशी रुग्णवाहिका नदीकाठच्या वाटेने त्याच्या घराकडे निघाली होती, कारण आपल्या नकाशात ती वाट होती, गाडी जाईल एवढी रुंद होती आणि बारा महिने चालू होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. चाकं चिखलात रुतली. दीड तास. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणला असता तर हात वाचला असता.

हे सगळं तुला माहीत आहे. तुला जे फक्त कळलेलं आहे, कोणी सांगितलेलं नाही, ते आज सांगते.

नदीकाठच्या वाटांचा लेयर माझं काम होतं. चालून यायला तीन दिवस लागले असते. महिनाअखेर होती, मी अजून कायम झाले नव्हते, आईचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही. मला चालायचा कंटाळा आला होता, एवढंच. विमानातून काढलेल्या जुन्या फोटोवर मी खुर्चीत बसून एका दुपारी वाटा गिरवल्या. मग पत्रक भरायचं होतं. मी तुझ्या डोंगरवाटांचं पत्रक उघडलं आणि जसंच्या तसं चिकटवलं. वरचं लेयरचं नाव बदललं. 'पद्धत: प्रत्यक्ष चालून, दर वळणावर थांबून' तसंच राहिलं. नदीकाठच्या त्या वाटेला एकही वळण नाही. 'अचूकता: तीन मीटर' राहिलं. आणि मोजणाऱ्याचं नाव राहिलं.

राहिलं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगते आहे. ते राहिलं नव्हतं. मला दिसलं होतं. तुझं नाव असलं की साहेब पत्रक उघडूनही बघत नाहीत, त्याच दिवशी सही होते, हे मला माहीत होतं. म्हणून राहू दिलं. तेव्हा सगळ्यांचा पासवर्ड एकच होता आणि तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला होता. कोणी काय केलं ते कोणालाच कळणार नव्हतं.

एकच गोष्ट मी पुसली. 'वापराची मर्यादा' मी वाचली. पाऊस पडून गेल्यावर विश्वास ठेवू नये, मी दोनदा पडले. मनात म्हटलं, सपाट जागेवर कोण पडतंय, आणि तेवढीच वाक्यं खोडून 'काही नाही' लिहिलं. सगळं पत्रक खोटं होतं, मावशी. त्यात ती वाक्यं तेवढी खरी ठरली असती. ती राहिली असती तर रुग्णवाहिका हमरस्त्याने गेली असती.

चौकशीत तू म्हणालीस, "वाक्यं माझी आहेत. लेयर माझा नाही." साहेब म्हणाले, "मग कोणाचा?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते. ग्लासच्या बुडाला कारखान्याचा शिक्का होता, तो उलटा दिसत होता, आणि मी तो सरळ वाचायचा प्रयत्न करत होते. अजूनही कधी कधी ती अक्षरं डोळ्यांपुढे येतात. तू म्हणालीस, "ज्याचा आहे तो सांगेल." सगळे थांबले. कोणी सांगितलं नाही. साहेबांनी फाइल मिटली.

त्या संध्याकाळी तू बॅग भरत होतीस. मी दारात उभी होते, आत येत होते, बाहेर जात होते. तू म्हणालीस, "भिंगरे, मी थांबले होते." एवढंच बोललीस. आईला वाटलं तू बससाठी थांबल्याचं सांगते आहेस.

आज हे लिहायला सकाळी बसले होते. आता दुपार उलटली आहे. चार वेळा उठले, दोनदा अंघोळ केली. आई विचारते, "आज काय अंगात आलंय?" मी म्हटलं, "पत्र लिहितेय." ती म्हणाली, "कोणाला?" मी म्हटलं, "तुझ्या बहिणीला." ती दार ओढून गेली.

मला तुझ्याकडून माफी नको आहे. म्हणजे हवी आहे, पण मागायला तोंड नाही. २१ तारखेला आठ दिवस राहिले.

भिंगरी


१७ एप्रिल

मावशी,

झालं. सगळं एका दमात सांगते, नाहीतर पुन्हा उठेन.

सोमवारी साहेबांना तोंडी सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "मला कळलं. तू मला सांगितलंस, पुष्कळ झालं. लिहू नकोस. लिहिलंस की मला कारवाई करावी लागेल. मी नवीन मोजणी मागवतो, सगळं आपोआप सुरळीत होईल."

"कधी, साहेब?"

"पावसाळ्यानंतर."

"आणि पाया?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मला त्यांची कीव आली. चार वर्षांपूर्वी मीही असंच काहीतरी सुरळीत होईल म्हणून बसून राहिले होते.

मी जागेवर येऊन नदीकाठच्या वाटांचं पत्रक उघडलं आणि नव्याने भरलं. तुला सवय आहे म्हणून जसंच्या तसं उतरवते:

"मोजणारा: कोणी नाही. पद्धत: जुन्या फोटोवरून, खुर्चीत बसून, एका दुपारी. अचूकता: माहीत नाही. पूर्वेतिहास: हे पत्रक मी डोंगरवाटांच्या पत्रकावरून उतरवलं होतं. ज्यांचं नाव इथे चार वर्षं होतं त्यांनी हा लेयर केलेला नाही. त्यांचं नाव मी जाणूनबुजून ठेवलं. चौकशीत मी हजर होते आणि गप्प बसले. त्यांच्या इतर एकोणीस लेयरवर घेतलेली शंका या एका लेयरवरून घेतली आहे, ती काढून टाकावी. वापराची मर्यादा: कशासाठीही वापरू नये." आणि 'संपर्क' मध्ये माझं पूर्ण नाव, घरच्या पत्त्यासकट.

टिंबकाका मागे उभे राहून वाचत होते, मला कळलंच नाही. म्हणाले, "बाई, इथे एक टिंब टाकलं असतं तरी भागलं असतं." हसले नाहीत. मग आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि थोड्या वेळाने तिथूनच, कोणाकडे न बघता म्हणाले, "त्या विहिरींपैकी अकरा मी पाहिलेल्याच नाहीत." मी म्हटलं, "मग तसं लिहा, काका." ते लिहायला लागले. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत.

मी पत्रक सर्वांसाठी खुलं केलं आणि त्याची प्रत, तुझ्या उताराच्या पत्रकासकट, शाळेच्या इंजिनिअर बाईंना पाठवली. माझ्या आकड्यांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच आल्या. उंच आहेत, मोठ्याने बोलतात, बूट मातीने भरलेले. पहिला प्रश्न, "ही अडुसष्ट सेंटिमीटरची बाई कोण?" मी म्हटलं, "माझी मावशी." त्या म्हणाल्या, "माझं पाऊल चौऱ्याहत्तर आहे. चला." आम्ही गेलो. सहाही जोड्या त्यांनी स्वतःच्या टेपने मोजल्या. तिसऱ्या जोडीपाशी बराच वेळ उकिडव्या बसून होत्या. "हिने पन्नास लिहिलं असेल तर पन्नासच असणार," त्या म्हणाल्या. "स्वतःचं पाऊल मोजणारी बाई आकडा मनाने लिहीत नाही."

खणायचं थांबलं आहे. कायमचं की पावसाळ्यापुरतं, ते अजून ठरायचंय. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. मला कामावरून थांबवलं आहे, चौकशी होणार आहे, पासवर्ड काढून घेतला. यावेळी तो माझा एकटीचा होता.

आईला सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "चार वर्षं मी तिलाच बोल लावला," म्हणाली. "फोनवर दर वेळी म्हणायचे, तू नीट काम केलं असतंस तर ही वेळ आली नसती. आणि ती ऐकून घ्यायची." दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, मीठ कमी आहे का विचारत नाही.

काल बाजारातल्या रस्त्याने गेले. शिंप्याला सांगितलं. त्याने डाव्या हाताने उजवा हात जरा सारखा केला. बायको मशीन थांबवून उठली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग आता मी काय करू?" ती परत जाऊन मशीनवर बसली. मी तिथेच उभी राहिले, कारण निघून जायची माझी सवय मला माहीत आहे. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "उभी कशाला राहिलीस, दोरा भर यात. मला जवळचं दिसत नाही." मी दोरा भरला.

आता खरोखर कामाचं एक. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक लेयरला जिवंत 'संपर्क' लागतो. प्रश्न आला तर उत्तर देईल असं माणूस. महिनाअखेरपर्यंत नाव नसेल तर लेयर पुन्हा बाद. उताराचं नवं पत्रक मी हाताने लिहिलं आहे, इंजिनिअर बाई ते चढवतील. प्रत सोबत आहे. 'संपर्क' रिकामा ठेवला आहे. तुझं नाव तुला न विचारता मी यापुढे कुठेच लिहिणार नाही. नको असेल तर तिथे एक टिंब टाकून परत पाठव, मी समजेन.

भिंगरी


२९ एप्रिल

मावशी,

पाकीट आज सकाळी मिळालं. जिन्यातच फोडलं. पत्र शोधलं, पाकीट उलटं करून झटकलं. पत्र नव्हतं. माझंच पत्रक होतं, लाल पेनाने रंगवलेलं. जिन्यात बसून वाचलं, वरचे-खालचे लोक मला ओलांडून जात होते.

"तारीख: ६ एप्रिल" यापुढे तू लिहिलं आहेस, "कशाची?" बरोबर आहे. मोजल्याची. घातलं.

"भेगा रुंदावल्या आहेत" यावर काट. "तू भेगा मोजल्या नाहीस. खुंट्यांतलं अंतर वाढलं आहे, एवढंच लिही. जे पाहिलं तेवढंच." घातलं.

"सातवी जोडी उपलब्ध नाही" यावर दोनदा काट. "उपलब्ध नाही म्हणजे काय? उपटली, गाडली गेली, की तू दमलीस?" दमले होते, मावशी. तसं लिहिलं.

मग खाली 'संपर्क'. तिथे टिंब नव्हतं. तुझं पूर्ण नाव होतं आणि पुढे फोन नंबर. मी वर धावत जाऊन आईला दाखवला. तिने चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि म्हणाली, "हाच." चौदा दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

नंबरखाली तू बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली आहेस. "वापराची मर्यादा: फक्त उताराबद्दल. सकाळी नऊच्या आत. इतर कशासाठी सध्या वापरू नये."

मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की आई म्हणाली, "कागद फाटेल." त्यातल्या 'सध्या' या शब्दावर मी काही इमले बांधत नाही. तू शब्द मोजून लिहितेस एवढं मला माहीत आहे. मर्यादा पाळीन. यावेळी पुसणार नाही.

तर उद्या साडेआठला फोन करते. सातव्या जोडीबद्दल विचारायचं आहे, आणि हे निमित्त नाही. दुपारी पुन्हा उतारावर जाऊन आले, तुझ्या पत्रकाप्रमाणे, पावलांचा हिशोब तीनदा तपासून, तरी ती मिळाली नाही. काल रात्रभर पाऊस होता, त्यामुळे टाकीच्या वरचा भाग निसरडा झाला आहे. हे पत्रकात नव्हतं, म्हणून मर्यादेच्या रकान्यात मी एक ओळ घातली आहे, ती फोनवर तपासून दे: "पाऊस पडून गेल्यावर टाकीपासून वर सरळ चढू नये. मी तिथे दोनदा पडले."

वाक्य तुझं आहे. पडले मात्र मी.

भिंगरी